मूल बालगृहात जाते तेव्हा नात्याबाहेरच्या जवळच्या माणसांना कोण विचारते?

गोदाकाठ (धागाकर्ती)

आई-वडिलांपैकी कोणीही सांभाळण्याच्या स्थितीत नसल्यामुळे एखादे मूल बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या शासकीय समितीपुढे) आणले जाते, तेव्हा चौकशीत बहुधा सर्वांत आधी नातेवाइकांची नावे आणि पत्ते विचारले जातात. हा प्रश्न योग्यच आहे. परंतु नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींभोवती ज्या वस्त्या वाढल्या आहेत, तेथील मुलांच्या बाबतीत तो पुरेसा नाही, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवावरून ठाम मत झाले आहे. मी अशा एका वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते. येथील कुटुंबे खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली आहेत. मुलाचे रक्ताचे नातेवाईक शेकडो किलोमीटर दूर असतात आणि त्यांपैकी कित्येकांनी त्या मुलाला एखाद्या लग्नात किंवा जत्रेत ओझरते पाहिलेले असते. आई पाळीवर गेली की मुलाला जेवू घालणारी, ताप आला की महापालिकेच्या दवाखान्यात नेणारी आणि शाळेच्या पालकसभेला जाऊन बसणारी बाई मात्र शेजारच्या खोलीत राहते. तिला सगळे मावशी म्हणतात, पण कागदावर ती कोणीच नसते.

एक प्रसंग सांगते. त्यातील ओळख पटण्याजोगे सर्व तपशील मी मुद्दाम वगळले आहेत. आई गेली होती आणि वडिलांचा ठावठिकाणा लागत नव्हता. बहीण-भाऊ अशी दोन मुले समितीपुढे गेली, दूरच्या जिल्ह्यातील एका चुलत्याचा पत्ता मिळाला आणि त्याच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. तो पूर्ण होईपर्यंत मुलगा एका संस्थेत आणि मुलगी दुसऱ्या संस्थेत राहिली, कारण मुला-मुलींची बालगृहे वेगवेगळी असतात. आईच्या आजारपणात ज्या शेजारणीने या दोघांना सांभाळले होते, ती कार्यालयाच्या बाहेर बाकावर बसून होती. तिचे नावसुद्धा कोणी लिहून घेतले नाही. पुढे चुलत्याने असमर्थता कळवली.

त्या शेजारणीकडेच मुले द्यायला हवी होती, असे मी म्हणत नाही. ती योग्य ठरली असती किंवा नसती, हे चौकशीनंतरच कळले असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की पहिल्या काही दिवसांतच मुलाच्या आयुष्यातील सर्व जवळच्या मोठ्या माणसांची यादी व्हावी, तिच्यात रक्ताचे नाते आणि मानलेले नाते असा भेद नसावा, आणि नातेवाइकांचा शोध सुरू असतानाच या माणसांची पडताळणीही समांतर चालावी. एक संपल्यावर दुसरे, असे केले तर महिने जातात.

येथे कायद्याची माहिती असलेले आणि प्रत्यक्ष काम केलेले अनेक जण आहेत. कृपया लिहावे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, म्हणून नाव, शाळा, वस्ती असे काहीही प्रतिसादांत येऊ देऊ नये, ही विनंती.

खडूफळा

मी नाशिक रोड भागात शिक्षक आहे. आपण मांडलेला विषय शाळेत रोज दिसतो. प्रवेश अर्जावर पालक म्हणून ज्यांची सही असते ते आणि मधल्या सुट्टीत डबा घेऊन येणारे, ही पुष्कळदा वेगळी माणसे असतात. तरीही चौकशीच्या वेळी शाळेकडून बहुतेक वेळा फक्त जन्मतारीख आणि हजेरी मागितली जाते. वर्गशिक्षकाला काय माहीत आहे, हे क्वचितच विचारले जाते.

मुलांना प्रश्न कसा विचारतो यावर फार अवलंबून असते. ‘तुझे नातेवाईक कोण?’ असे विचारले की सात-आठ वर्षांचे मूल गप्प बसते किंवा ‘गावाला आहेत’ एवढेच सांगते. तेच मूल, ‘आई घरी नसताना किल्ली कोणाकडे असते?’, ‘पाऊस आला तेव्हा तुला घ्यायला कोण आले होते?’, ‘कोणाचा फोन नंबर तुला पाठ आहे?’, ‘दिवाळीचा फराळ कोणाकडे खाल्लास?’ असे विचारल्यावर भराभर नावे सांगते. त्या नावांत रिक्षावाले काका असतात, खालच्या मजल्यावरची आजी असते, आईच्या कारखान्यातील सोबतीण असते. ज्याच्याजवळ जायचे नाही, तो माणूसही याच बोलण्यातून कळतो. त्यासाठी मुलाजवळ बसून ऐकणारा माणूस लागतो आणि घाई नसावी लागते. पहिल्याच दिवशी, अनोळखी खोलीत, चार मोठ्यांच्या समोर मूल हे सांगणार नाही.

पूर्वी_समुपदेशक

धाग्यातील तळमळ मला पूर्णपणे मान्य आहे, तरीही दुसरी बाजू स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. मी बालगृहातील मुलांसोबत समुपदेशक म्हणून काम केले आहे. ‘मी या मुलीची मावशीच आहे’ असे सांगत येणाऱ्यांमध्ये खरोखर माया असलेली माणसे असतात, तशीच घरकामाला फुकटचे हात हवे असलेली माणसेही असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ताब्यात घेऊन तिचे लग्न लावून देण्याचा बेत असलेले लोकही येतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत आरोपी बहुतांश वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो, आणि मुलाने जबाब बदलावा म्हणून त्याच्या बाजूची माणसे प्रेमळ शेजारी बनून भेटीला येतात. समिती बाहेरच्या माणसाकडे संशयाने पाहते, त्याला हे कारण आहे.

म्हणून यादी जरूर करावी, परंतु यादीत नाव येणे म्हणजे मूल सोपवणे नव्हे, हे सर्वांनी पक्के लक्षात ठेवावे. मी पडताळणीत तीन गोष्टींना महत्त्व देत असे. संकट येण्याच्या आधीपासून हा माणूस मुलाच्या आयुष्यात होता का, याचा मुलाव्यतिरिक्त आणखी कोणाकडून तरी दुजोरा मिळायला हवा. मूल त्याच्यासोबत एकटे असताना कसे वागते, हे पाहायला हवे. आणि त्या घरातील इतर सर्व प्रौढ कोण आहेत, हे कळायला हवे, कारण मावशी चांगली असली तरी तिच्या घरी ये-जा करणारा दीर कसा आहे, हे तिच्या चांगुलपणावरून कळत नाही. घर लहान आहे, पत्र्याचे आहे, उत्पन्न कमी आहे, ही कारणे मात्र मी नकारासाठी कधीच पुरेशी मानली नाहीत. पत्र्याच्या एका खोलीत सुरक्षित वाढलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत.

कोर्टगल्ली

मी वकील आहे आणि जिल्हा न्यायालयात काम करतो. नात्याबाहेरच्या माणसांना कायद्यात जागा नाही, असा समज येथे काहींचा झालेला दिसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यातील ‘पालक’ या शब्दाच्या व्याख्येत नैसर्गिक पालकाबरोबरच, समितीच्या मते ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष ताबा आहे आणि समितीने कामकाजाच्या ओघात ज्याला पालक म्हणून मान्यता दिली आहे, अशा व्यक्तीचाही समावेश आहे. म्हणजे ज्या शेजारणीकडे मुले खरोखर राहत होती, तिला पालक म्हणून मान्यता द्यावी, असा अर्ज करता येतो. दुसरी वाट ‘योग्य व्यक्ती’ची आहे. मुलाची जबाबदारी घेण्यास तयार असलेली आणि चौकशीअंती समितीने योग्य ठरवलेली कोणतीही व्यक्ती, अशी तिची व्याख्या आहे. कलम ५२ नुसार पडताळणी करून ठरावीक काळासाठी मूल तिच्याकडे सोपवता येते आणि कलम ३७ खाली समितीच्या आदेशाने ती व्यवस्था तात्पुरती किंवा दीर्घ मुदतीची असू शकते. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा एवढ्यांपुरती मर्यादित असलेली ‘नातेवाईक’ ही व्याख्या दत्तकविधानासाठी आहे. ती ताब्याच्या प्रश्नाला लावली जाते, तेव्हा घोटाळा होतो.

मुदतीही पाहाव्यात. मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत पूर्ण व्हावा आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी कलम ३६ ची अपेक्षा आहे. धाग्यातील यादीची खरी जागा या पंधरा दिवसांत आहे. एकदा अहवालात ‘सांभाळण्यास कोणी नाही’ असे वाक्य आले, की पुढचे सर्व कागद तेच वाक्य उचलतात. समज आलेल्या मुलाची इच्छा विचारात घ्यावी, संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा आणि भावंडांना त्यांच्या हिताला बाध येत नसेल तर एकत्र ठेवण्याचे सर्व प्रयत्न व्हावेत, हेही अधिनियमातच लिहिलेले आहे. समितीचा आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमातही पालक नेमण्यासाठी अज्ञान मुलाच्या नातेवाइकाला ‘किंवा मित्राला’ अर्ज करण्याची मुभा आहे. आणि तुरुंगातील महिलांच्या मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात जे निर्देश दिले, त्यांनुसार मूल सहा वर्षांचे झाल्यावर त्या महिलेच्या इच्छेप्रमाणे योग्य व्यक्तीकडे सोपवावे किंवा संस्थेत पाठवावे, असे आहे. मूल कोणाकडे जावे हे आईला विचारण्याची पद्धत तेथे आहे, तर आजारी पडून रुग्णालयात दाखल असलेल्या आईलाही ते विचारायलाच हवे. तिचे म्हणणे लेखी नोंदवून ठेवले तर पुढे त्याचा फार उपयोग होतो.

द्राक्षपट्टा

आमच्याकडे दिंडोरी आणि निफाड भागात छाटणीच्या हंगामात सुरगाणा, पेठ या तालुक्यांतून टोळ्या येतात. लेकरेही सोबत असतात. आई-वडिलांना अपघात झाला किंवा ते कोणत्या तरी कारणाने दुरावले, तर लेकराच्या ओळखीची माणसे म्हणजे टोळीतलीच माणसे. ती एका पाड्यावरची असतात, एकमेकांना काका-मामा म्हणतात आणि चूल शेजारी-शेजारी पेटवतात. बागायतदाराला आणि पोलिसांना मात्र समोर दिसतो तो मुकादम, आणि लेकराविषयी सगळी माहिती त्याच्याकडूनच घेतली जाते.

मला वाटते, येथे सावध राहिले पाहिजे. मुकादमाने त्या कुटुंबाला उचल दिलेली असते आणि त्याचा हिशेब बाकी असतो. लेकरू कोणाकडे जावे हे ठरवताना त्याचे म्हणणे ऐकावे, परंतु त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबू नये. टोळीतल्या बायकांना, मुकादम समोर नसताना, वेगळे विचारावे. लेकराला कोण झोपवते हे त्या नेमके सांगतात. टोळी हंगाम संपला की निघून जाते, म्हणून हे विचारणे त्याच आठवड्यात झाले पाहिजे.

कोर्टगल्ली

आपला मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मुलांना वेठीस धरून कामाला जुंपणे हा कलम ७९ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. एक पुरवणी जोडतो. पाडा दुसऱ्या जिल्ह्यात किंवा गुजरातच्या हद्दीत असेल, तर कलम ९५ नुसार मुलाला त्याच्या मूळ ठिकाणच्या समितीकडे पाठवता येते. ते करताना टोळीतील त्या माणसांची नावे आणि पाड्याचे नाव कागदपत्रांसोबत गेलेच पाहिजे, नाहीतर तेथील समितीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

सिडकोवासी

खर्चाचे काय? शेजारीण स्वतः धुणीभांडी करत असेल, तर ती मूल कशाच्या बळावर ठेवणार?

अंगणवाडीताई

मदत आहे, पण ती आपोआप सुरू होत नाही. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली प्रायोजकत्वासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे आणि तेथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपये आहे. अर्जाची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी. मूल कोणाकडे राहते, याचा समितीचा आदेश हातात नसेल तर पुढचे सगळे अडते. म्हणून मूल नुसतेच शेजारी ठेवून घेण्यापेक्षा समितीपुढे जाऊन ते कायदेशीर करून घ्यावे, असे मी वस्तीतल्या बायकांना नेहमी सांगते. बायका घाबरतात, की गेलो तर मूल काढून घेतील. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण कागदाविना ठेवलेल्या मुलाला दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे अडवले जाते.

बालगृहातून_बाहेर

मी स्वतः बालगृहात वाढलो. संस्थेचे किंवा शहराचे नाव लिहीत नाही. माझ्या आईची एक मैत्रीण होती. तिला मला घरी नेणे शक्य नव्हते, कारण तिच्याच घरी खायची भ्रांत होती. ती भेटायला येत असे आणि ‘रक्ताचे नाते नाही’ म्हणून तिला काही वेळा फाटकावरूनच परत पाठवले गेले. पुढे एका अधीक्षकांनी तिचे नाव माझ्या कागदांत भेटीला येणारी व्यक्ती म्हणून नोंदवले आणि तेव्हापासून ती नियमित येऊ लागली.

या धाग्यात चर्चा बहुतेक ताब्याची चालली आहे, म्हणून मी मुद्दाम लिहीत आहे. जो माणूस मूल ठेवू शकत नाही, त्याचेही त्या मुलाच्या आयुष्यात फार मोठे काम असते. माझी आई कशी बोलायची, मी लहानपणी कोणत्या दुखण्यातून वाचलो, वडील कोणत्या गावचे, हे सगळे मला त्या बाईकडून कळले. माझ्या फायलीत यातले काहीही नव्हते. अठरा वर्षांचा होऊन बाहेर पडलो तेव्हा अनुरक्षणाची (संस्था सोडल्यानंतरच्या मदतीची) सोय एकवीस वर्षांपर्यंत असते, हे मला कोणी समजावून सांगितले नव्हते. तिने विचारपूस करून ते शोधले आणि पहिली भाड्याची खोली मला तिच्या ओळखीवर मिळाली. यादी करताना ‘कोण सांभाळेल’ एवढेच विचारू नये. ‘कोण भेटत राहील’ हेही विचारावे, आणि ज्यांची नावे येतील त्यांना येऊ द्यावे.

गोदाकाठ

दादा, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपल्या प्रतिसादामुळे माझ्या प्रस्तावात एक महत्त्वाची भर पडते. ज्यांची पडताळणी होऊन मूल सोपवण्यास नकार मिळाला, परंतु ज्यांच्यापासून मुलाला धोका नाही, त्यांना भेटीची आणि फोनची परवानगी त्याच आदेशात मिळावी, अशी मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे. आज नकार म्हणजे पूर्ण तुटणे, असे होते. आई, घर आणि गल्ली एकाच वेळी सुटलेल्या मुलाकडून उरलेले शेवटचे ओळखीचे माणूसही काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

परदेशस्थ_नाशिककर

इतर देशांनी यावर काय केले, ते थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंब-बैठकीची पद्धत आणली. मुलाविषयी निर्णय घेण्याआधी माओरी परंपरेप्रमाणे विस्तारित कुटुंबाला आणि कुळाला एकत्र बसवून त्यांच्याकडूनच योजना मागवली जाते. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार मूल ताब्यात घेतल्यापासून तीस दिवसांत प्रौढ नातेवाइकांना कळवावे लागते. तो संघीय कायदा नातेवाइकांविषयी बोलतो, परंतु अनेक राज्यांनी कुटुंबासारख्या असलेल्या परिचितांनाही प्राधान्यात घेतले आहे, आणि २०२३ च्या नियमाने अशा घरांसाठी परक्या प्रतिपालक (दुसऱ्याचे मूल तात्पुरते सांभाळणाऱ्या) कुटुंबांपेक्षा वेगळे, सुटसुटीत निकष ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. इंग्लंडमध्ये नातेवाईक, मित्र किंवा मुलाशी जोडलेली इतर व्यक्ती यांना प्राथमिक तपासणीनंतर सोळा आठवड्यांची तात्पुरती मान्यता देता येते आणि त्या काळात पूर्ण मूल्यमापन होते. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही आप्तसंगोपनाच्या व्याख्येत कुटुंबाचे, मुलाच्या ओळखीतील निकटचे स्नेही धरलेले आहेत.

मला यात इंग्लंडची पद्धत आपल्याला सर्वांत जवळची वाटते. आपल्या कलम ५२ मध्ये ‘ठरावीक काळासाठी’ असे शब्द आहेतच. पहिल्या आठवड्यात घरभेट आणि पोलीस पडताळणी, मग थोड्या मुदतीची सोपवणूक, आणि त्या मुदतीत सखोल चौकशी, असा क्रम आपल्याकडेही लावता येईल. पूर्वी_समुपदेशक यांनी दाखवलेले धोके त्यामुळे नजरेआड होणार नाहीत.

पूर्वी_समुपदेशक

या क्रमाला माझी हरकत नाही. एकच अट घालेन, की सोपवल्यानंतरच्या भेटी पूर्वसूचना न देता व्हाव्यात आणि मुलाशी घराबाहेर, शाळेत, एकट्याने बोलणे व्हावे. सोपवणूक बिघडते ती बहुधा पहिल्या उत्साहानंतर, शाळा सुरू होऊन खर्च वाढला की. त्या वेळी कोणी पाठीशी नसेल तर चांगली माणसेही हात टेकतात आणि मूल दुसऱ्यांदा सोडले जाते. ती जखम पहिल्यापेक्षा खोल असते.

जुने_नाशिक

आमच्या भागात शेजारी वेगळ्या धर्माचा किंवा जातीचा असणे नित्याचे आहे. अशा वेळी चौकशी करणारे कचरतात, असा अनुभव आहे. कायद्यात तशी अट आहे का?

कोर्टगल्ली

‘योग्य व्यक्ती’च्या व्याख्येत धर्माची किंवा जातीची कोणतीही अट नाही. मुलाची भाषा, चालीरीती आणि भावंडांशी संपर्क टिकेल का, हे मात्र जरूर पाहावे, आणि त्यासाठी मुलाच्या इतर आप्तांचेही म्हणणे ऐकावे.

सिडकोवासी

शेवटचा प्रश्न. आमच्या चाळीत अविवाहित बाई आहेत, चाळिशीच्या पुढच्या, एका खोलीत भाड्याने राहतात. त्यांना एका मुलीसाठी अर्ज करायचा आहे. मुलगी सध्या बालगृहात आहे. विवाहित जोडपे लागते, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे.

कोर्टगल्ली

ती अट आधीच्या प्रतिपालकत्व मार्गदर्शक सूचनांतील आहे. २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार ३५ ते ६० वर्षे वयाच्या एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. ‘योग्य व्यक्ती’ म्हणून अर्ज करायचा असेल तर अधिनियमातील व्याख्येत लग्नाची किंवा स्वतःच्या घराची अट नाहीच. बाईंनी समितीच्या अध्यक्षांच्या नावे साधा लेखी अर्ज करावा. मुलीला केव्हापासून आणि कशी ओळखतात, आतापर्यंत तिच्यासाठी काय केले, किती काळासाठी जबाबदारी घेण्यास तयार आहेत आणि घरात कोणाची ये-जा असते, हे त्यात स्पष्ट लिहावे. ओळखपत्र, भाडेकरार किंवा घरमालकाचे पत्र, उत्पन्नाचा काही पुरावा, मुलीच्या वर्गशिक्षकांचे पत्र आणि चाळीतील दोन कुटुंबांचे लेखी निवेदन जोडावे. त्याच अर्जात, मागणी मान्य होईपर्यंत भेटीची परवानगी मिळावी, अशी स्वतंत्र विनंती करावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तेथून निघू नये.